नववी-दहावीचं विज्ञान आणि मोबाईल : पोरं आणि पालक सारखे विचारतात ते प्रश्न

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, राज्य मंडळाचं, मराठी आणि सेमी (विज्ञान-गणित इंग्रजीतून) दोन्ही. दरवर्षी जूनपासून तेच प्रश्न येतात, कधी वर्गात, कधी रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर, कधी भाजी घेताना. म्हणून एकदाच लिहून ठेवते.

मॅडम, एकच साईट सांगा, बाकी काही नको.

ई-बालभारती. सगळ्यांचा चेहरा पडतो हे ऐकून, माहितीये मला, पण पेपर ज्या पुस्तकावर निघतो ते पुस्तक तिथे फुकट मिळतं, पीडीएफमध्ये, आणि तरी पोरं वीस चॅनेल सबस्क्राईब करून बसतात. इयत्ता निवडा, माध्यम निवडा, विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं पुस्तक (दहावीला भाग 1 आणि भाग 2 दोन्ही) उतरवून घ्या, एकदा फोनमध्ये आलं की नेट नसलं तरी चालतं.

आणि एक करा, मराठी माध्यमात असाल तरी इंग्रजी माध्यमाचं पुस्तकपण उतरवा. धडे तेच, आकृत्या त्याच, क्रम तोच. नंतर कुठलाही इंग्रजी व्हिडिओ शोधायचा झाला तर शब्द कुठून आणणार? इंग्रजी पुस्तकातलं त्याच धड्याचं हेडिंग बघायचं आणि तेच सर्चमध्ये टाकायचं. ही माझी सगळ्यात जुनी युक्ती आहे आणि फुकटची आहे.

पुस्तकातला तो काळा चौकोन काय असतो, त्याचं काही होतं का?

क्यूआर कोड आहे तो, दीक्षा ॲपमधून स्कॅन केला की त्या धड्याचे व्हिडिओ आणि सराव प्रश्न उघडतात. दीक्षा केंद्र सरकारचं आहे, 2017 पासून चालू आहे, पैसे लागत नाहीत. कोड पुसट झाला असेल किंवा कॅमेऱ्याची काच फुटली असेल (निम्म्या फोनची फुटलेलीच असते) तर कोडखाली सहा अक्षरं छापलेली असतात ती टाईप करा. व्हिडिओ सगळे एका दर्जाचे नाहीत, काही मस्त आहेत, काहींमध्ये नुसतं पुस्तक वाचून दाखवलंय. पण दीक्षात व्हिडिओ डाउनलोड करून ठेवता येतो, वाडीवर रेंज नसणाऱ्यांना हे फार उपयोगाचं आहे. शाळेत किंवा तालुक्याला आलात की घ्या उतरवून.

यूट्यूबवर हिंदीतले व्हिडिओ छान असतात, ते बघितले तर चालतील ना?

चालतील, पण जपून, आणि इथे जरा थांबून नीट वाचा कारण दरवर्षी यात चार-पाच जणांचे मार्क जातात.

हिंदी आणि मराठीतले विज्ञानाचे शब्द दिसायला सारखे पण अर्थ वेगळे असं खूप ठिकाणी आहे. हिंदीत अणु म्हणजे आपला रेणू. आणि आपला अणू म्हणजे त्यांचा परमाणु. आता विचार करा, पोरगं हिंदी व्हिडिओ बघून आलं आणि पेपरात लिहिलं की पाण्याच्या एका अणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक परमाणू असतो. त्याला समजलंय सगळं, पण तपासणाऱ्याने काय करायचं?

क्षार घ्या. आपल्याकडे क्षार म्हणजे मीठ वगैरे, आम्ल आणि आम्लारीच्या अभिक्रियेतून जे मिळतं ते. हिंदीत त्याला लवण म्हणतात, आणि त्यांचा क्षार म्हणजे अल्कली, जवळजवळ उलटी बाजू. जीवशास्त्रात तर विचारू नका. आपली पेशी म्हणजे त्यांची कोशिका, त्यांची पेशी म्हणजे आपला स्नायू, आणि त्यांचा स्नायु म्हणजे हाडं जोडणारा अस्थिबंध! मूलद्रव्याला ते तत्व म्हणतात, संयुगाला यौगिक, बहिर्वक्र भिंगाला उत्तल लेन्स, रोधाला प्रतिरोध, पेशीच्या सूत्री विभाजनाला समसूत्री.

मग करायचं काय, तर हिंदी व्हिडिओ बघताना वही जवळ ठेवायची आणि डाव्या बाजूला व्हिडिओतला शब्द, उजव्या बाजूला आपल्या पुस्तकातला शब्द असं लिहीत जायचं. एका धड्याला दहा-बारा शब्द होतात, जास्त नाही. सेमीवाल्यांना हा त्रास नाही, त्यांचे त्रास वेगळे आहेत, ते खाली.

आणि ते व्हिडिओ आपल्या बोर्डाचे आहेत की सीबीएसईचे हे कसं ओळखायचं?

धड्याच्या नावावरून. आपल्या दहावीच्या भाग 1 मध्ये पहिला धडा गुरुत्वाकर्षण, शेवटचा अवकाश मोहिमा. सीबीएसईच्या दहावीत हे दोन्ही नाहीत, त्यांचं गुरुत्वाकर्षण नववीत होऊन जातं. त्यामुळे नुसतं दहावी विज्ञान असं शोधलं की निम्मं भलतंच हाती लागतं. शोधताना महाराष्ट्र बोर्ड आणि धड्याचं पूर्ण नाव टाकायचं.

एनसीईआरटीची (सीबीएसईला असतात ती) पुस्तकं वाईट आहेत असं मी म्हणत नाहीये हां, उलट ती पण त्यांच्या साईटवर फुकट आहेत आणि पुढे जेईई-नीटचा विचार असेल तर दहावीच्या सुट्टीत वाचाच. एक्झेम्प्लार नावाची त्यांची प्रश्नांची वेगळी पुस्तकं आहेत, तीही फुकट, आणि त्यातले प्रश्न डोकं वापरायला लावतात. फक्त फेब्रुवारीत, बोर्डाच्या तोंडावर ती उघडू नका.

प्रॅक्टिकल शाळेत नीट होत नाहीत. ऑनलाइन प्रयोग करता येतात म्हणे?

येतात. दोन नावं लक्षात ठेवा, फेट आणि ओलॅब्स.

फेट हे अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे, कार्ल वीमन म्हणून भौतिकशास्त्रज्ञ आहेत, 2001 मध्ये नोबेल मिळालं आणि पुढच्याच वर्षी त्यांनी हे सुरू केलं. यात व्हिडिओ बघत बसायचं नसतं, स्वतः हात घालायचा असतो. विद्युत परिपथाचं उघडा, बॅटरी ओढून आणा, वायर जोडा, बल्ब लावा. एकसर जोडणीत दोन बल्ब मंद पेटतात, समांतर केले की दोन्ही लख्ख. बॅटरीची दोन टोकं नुसत्या वायरने जोडली तर बॅटरीला आग लागते, स्क्रीनवर! माझ्या वर्गात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा पुढची पंधरा मिनिटं सगळ्यांनी फक्त आगच लावली, शिकवणं बाजूला राहिलं, पण शॉर्टसर्किट म्हणजे काय हे त्या बॅचला कधी परत सांगावं लागलं नाही.

भिंगांच्या धड्याला भूमितीय प्रकाशशास्त्राचं सिम्युलेशन आहे. वस्तू 2F च्या पलीकडे ठेवा (F म्हणजे भिंगाची नाभी, 2F त्याच्या दुप्पट अंतरावर), 2F वर ठेवा, F आणि 2F च्या मध्ये आणा, प्रतिमा कशी मोठी-लहान होते, कुठे उलटी, कुठे सुलटी, सगळं समोर सरकताना दिसतं. तो सहा ओळींचा तक्ता पाठ करणारी पोरं बघितली की वाईट वाटतं मला, अर्धा तास हे खेळलं तर पाठ करावाच लागत नाही. अपवर्तनाचं वेगळं आहे, समीकरण संतुलनाचं वेगळं आहे.

बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत, भाषांतरं स्वयंसेवकांनी केलेली आहेत त्यामुळे एखादा शब्द पुस्तकापेक्षा वेगळा सापडेल, चालवून घ्या. जी नवीन पद्धतीची आहेत ती फोनच्या ब्राउझरमध्येच चालतात आणि एकदा उतरवून ठेवली की नेटशिवाय पण. जुनी काही फोनवर उघडत नाहीत, तिथे वेळ घालवू नका.

ओलॅब्स आपल्या देशातलं, अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक यांनी मिळून केलेलं, नववी ते बारावीचे प्रयोग आहेत. हे फेटसारखं खेळकर नाही, सरळ प्रयोगवहीसारखं आहे, आधी सिद्धांत, मग कृती, मग सिम्युलेटर, मग प्रश्न. तोंडी परीक्षेच्या आधी बघायला चांगलं. पण एक सांगते, प्रॅक्टिकलचे 20 मार्क असतात आणि ते स्क्रीनवर हात फिरवून मिळत नाहीत, परीक्षानळी धरता आली पाहिजे. शाळेत प्रयोग होत नसतील तर सरांच्या मागे लागा, चारपाच जण मिळून लागलात की होतात.

घरी खरोखर करता येतील असे प्रयोग?

अरविंद गुप्तांची साईट. हे मी सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं. आयआयटी कानपूरला शिकलेले इंजिनिअर, पण आयुष्य घालवलं कचऱ्यातून खेळणी बनवून विज्ञान शिकवण्यात. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बरीच वर्षं काम केलं, 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. साईटवर शेकड्याने खेळणी आहेत, छोटे छोटे व्हिडिओ आहेत, मराठीतही आहेत, वर पुस्तकं पण आहेत मोफत वाचायला.

दहावीला विद्युत मोटरचा धडा आहे ना, त्यासाठी तिथली साधी मोटर कराच. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, एक रबर बँड आणि थोडी तांब्याची इनॅमलवाली (वरून वीज न जाऊ देणारा लेप असलेली) तार. तार विकत घ्यायला शहरात जाऊ नका, गावातल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात जा, पंपाच्या मोटारी भरतात तिथे, हातभर तुकडा तसाच देतात. चुंबक जुन्या स्पीकरमधून निघतं.

आता गंमत इथे आहे. तारेचं वेटोळं झालं की दोन टोकांवरचं इनॅमल खरवडायचं असतं, एक टोक पूर्ण सगळीकडून आणि दुसरं टोक फक्त अर्ध्या बाजूने. पोरं घाईत दोन्ही पूर्ण खरवडतात आणि मग मोटर फिरत नाही, नुसती डुलते. का? कारण अर्धा फेरा झाला की वेटोळं उलटं होतं, प्रवाह तसाच चालू राहिला तर आता बल त्याला मागे ढकलतं. अर्धंच खरवडलं की त्या अर्ध्या फेऱ्यात प्रवाह बंद, वेटोळं आपल्या वेगाने पुढे निघून जातं, परत प्रवाह चालू, परत धक्का. पुस्तकातल्या मोटरमध्ये हेच काम स्प्लिट रिंग करते, फक्त ती प्रवाह बंद करण्याऐवजी दिशा उलटवते. "विद्युत मोटरमध्ये स्प्लिट रिंगचं कार्य लिहा" हा प्रश्न ज्याची मोटर आधी डुलली आणि मग फिरली त्याला जन्मात चुकणार नाही.

सेल एक दीड व्होल्टचाच घ्या, आणि जास्त वेळ जोडून ठेवू नका, तार तापते. घरच्या प्लगला काहीही जोडायचं नाही, हे लिहायची वेळ यावी का, पण येते.

मोरचूदात (कॉपर सल्फेट) लोखंडी खिळा बुडवायचा प्रयोग घरी करू का असं विचारतात, कारण मोरचूद शेतीच्या दुकानात मिळतं. नको. विषारी आहे, घरात लहान भावंडं असतात. तो शाळेतच करा.

फोनमध्येच प्रयोग होतो असं ऐकलं, खरं का?

फायफॉक्स नावाचं ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठाने केलेलं, फुकट आणि जाहिराती नाहीत. आपल्या फोनमध्ये त्वरण मोजणारा सेन्सर असतो (स्क्रीन आडवी-उभी होते ती त्याच्यामुळेच), माईक असतो, चुंबकीय क्षेत्र मोजणारा सेन्सर असतो, हे ॲप त्यांचे आकडे आणि आलेख दाखवतं. फोन टेबलावर ठेवा, 9.8 च्या आसपास आकडा दिसेल, पुस्तकातला g, म्हणजे गुरुत्व त्वरण! मग फोन उशीवर सोडा, उशीवरच हां, पडत असताना तो आकडा शून्याजवळ जातो. मुक्त पतन आणि वजनरहित अवस्था यावर मी दोन तास बोलून जे होत नाही ते इथे एका सेकंदात होतं. स्वस्तातल्या फोनमध्ये सगळे सेन्सर नसतात, जे चालत नाही ते ॲप स्वतःच सांगतं.

जुन्या प्रश्नपत्रिका कुठल्या वर्षापासूनच्या सोडवायच्या?

सध्याचं दहावीचं पुस्तक 2018 साली आलं, म्हणजे मार्च 2019 पासूनच्या. त्याच्या आधीच्या पत्रिका नेटवर भरपूर फिरतात, त्यात धडेच वेगळे आहेत, पोरं घाबरतात की हे तर आम्हाला शिकवलंच नाही. मार्च 2021 ची शोधत बसू नका, कोरोनामुळे ती परीक्षाच झाली नव्हती. 2022 ला अभ्यासक्रम पंचवीस टक्के कमी केलेला होता, त्यामुळे त्या पत्रिकेवरून "हा धडा येत नाही" असा अंदाज बांधू नका. जुलैच्या पुरवणी परीक्षेच्या पत्रिका पण घ्या, त्यांना कोणी हात लावत नाही आणि प्रश्न तितकेच चांगले असतात.

एससीईआरटीने (राज्याची शैक्षणिक संशोधन संस्था) प्रश्नपेढ्या काढल्या होत्या विषयवार, त्या त्यांच्या साईटवर सापडतात. सोडवताना घड्याळ लावा, 40 मार्क दोन तास, आणि आकृती पेन्सिलीने.

सेमीला आहे, सगळं इंग्रजीत पाठ होतं पण समजत नाही.

हा त्रास जो येऊन सांगतो त्याचं मी आधी कौतुक करते, कारण बाकीच्यांना तो असतो पण सांगत नाहीत. मराठी पुस्तकातून धडा आधी वाचा, गोष्ट वाचल्यासारखा, मग इंग्रजी. शब्द अडला तर राज्याच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश ऑनलाइन आहेत, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र सगळे. शब्द टाकला की मराठी प्रतिशब्द येतो. मराठी माध्यमातून अकरावी सायन्सला जाणाऱ्यांनी तर हे मे महिन्यात बुकमार्क करून ठेवा, तिथे पहिल्या दिवसापासून सगळं इंग्रजीत असतं आणि पहिले दोन महिने कानावरून जातं.

इंग्रजी समजत असेल तर खान ॲकॅडमी, फुकट आहे, सावकाश शिकवतात, सरावाला प्रश्न पण आहेत. जीवशास्त्राला यूट्यूबवरचं अमिबा सिस्टर्स चॅनेल, कार्टून आहेत, हसत हसत अर्धगुणसूत्री विभाजन समजतं. उच्चार अमेरिकन आहेत, स्पीड कमी करा आणि सबटायटल लावा.

मराठीत वाचायला काही आहे का, पुस्तकाच्या पलीकडचं?

आहे की, आणि लोकांना माहीत नाही याचं वाईट वाटतं. मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन आहे, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईला बसून ज्याचा पाया घातला तो. भाषा जड आहे, मान्य, नववीच्या मुलाला पहिला परिच्छेदच झेपेल कदाचित, पण पहिल्या परिच्छेदात व्याख्या पक्की मिळते. मुलांसाठी कुमार विश्वकोश वेगळा आहे, त्यातला जीवसृष्टी आणि पर्यावरणाचा भाग सोप्या भाषेत आहे, प्राण्यांच्या वर्गीकरणाला मी तोच देते. मराठी विज्ञान परिषद 1966 पासून काम करतेय, त्यांची पत्रिका आहे, आणि लोकसत्तातलं कुतूहल सदर त्यांचंच. छोटे लेख असतात, रोज एक वाचायला पाच मिनिटं लागतात.

एआयला विचारलं तर लगेच उत्तर मिळतं, मग हे सगळं कशाला?

विचारा, मी नाही म्हणत नाही, मी पण विचारते. पण मराठीत विचारलं की ते मधेच हिंदी शब्द घालतं, वर सांगितलेला अणू-परमाणूचा घोळ तिथे पण होतो. गणितांमध्ये भिंगाच्या सूत्राला अंतराची चिन्हं चुकली की सगळं उत्तर चुकतं आणि ते चुकलेलं उत्तरही इतक्या आत्मविश्वासाने देतं की पोरांना पुस्तकच चुकलंय असं वाटायला लागतं. उत्तर मागू नका, स्वतः सोडवलेलं गणित द्या आणि "माझी कुठली पायरी चुकली" असं विचारा, तिथे ते जास्त कामाचं आहे. प्रोजेक्ट एआयकडून लिहून आणला तर मला कळतं. कसं कळतं ते सांगणार नाही.

पुस्तकात चांद्रयान-3 नाही. पेपरात लिहायचं का?

पुस्तक 2018 चं, चांद्रयान-3 उतरलं 23 ऑगस्ट 2023 ला, कसं असणार? अवकाश मोहिमांच्या धड्याला इस्रोच्या साईटवर जाऊन त्याची आणि आदित्य एल-1 ची माहिती वाचा, उत्तरात एक ओळ जास्तीची घातली तर कोणी मार्क कापत नाही. पण व्याख्या आणि सूत्रं पुस्तकातलीच. मुक्तिवेग 11.2 किमी प्रति सेकंद, तो बदललेला नाही.

आकाश बघायची आवड असेल तर स्टेलॅरियम घ्या, आपल्या गावाच्या आकाशात आत्ता कुठला ग्रह कुठे आहे ते दिसतं. कॉम्प्युटरवर फुकट आहे, ब्राउझरमध्ये पण चालतं.

नववीला आहे, स्पर्धा परीक्षा देऊ का?

डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा सहावी आणि नववीसाठी असते, मुंबईच्या विज्ञान अध्यापकांचं मंडळ घेतं, त्यात लेखी झाली की प्रयोग आणि प्रकल्प पण असतो, म्हणून मला आवडते. ज्याला फार पुढचं हवंय त्याने मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राच्या साईटवर ज्युनिअर सायन्स ऑलिंपियाडच्या जुन्या पत्रिका बघाव्यात. अवघड आहेत. एक प्रश्न सुटायला संध्याकाळ गेली तरी चालेल.

पैसे भरून ॲप घ्यावं का? फोन वर फोन येतात.

वर अभ्यासाच्या ज्या साईट आणि ॲप सांगितली त्यातल्या कशालाच पैसे पडत नाहीत. आमच्या ओळखीत एका घरी फ्री डेमोच्या नावाखाली सेल्सवाला येऊन दोन तास बसला आणि जाताना हप्त्याच्या कागदावर सही घेऊन गेला, मुलाने ते ॲप तीन आठवडे उघडलं असेल. हप्ते मात्र वर्षभर गेले. घ्यायचंच असेल तर आधी महिनाभर फुकटचं वापरून बघा, पोरगं रोज बसतंय का ते तरी कळेल.

फोन बाबांचा आहे, रात्री आठनंतर तासभर मिळतो. त्यात काय करू?

मग दिवसा वहीत यादी करायची, काय अडलंय ते, एका ओळीत एक. रात्री फोन हातात आला की यादीतलं पहिलं उघडायचं, यूट्यूबचं होमपेज नाही. सोमवार ते शुक्रवार एवढंच, शनिवारी एक फेटचं सिम्युलेशन. आणि बाबांना शेजारी बसवा, शॉर्टसर्किटची आग त्यांनाही दाखवा.